रजेवर येणारा आणि न येणारे

दिवाळी सरली की वाशीम जिल्ह्यातली कितीतरी माणसं पोटासाठी घर सोडतात. कुणी ऊसतोडीला, कुणी मुंबई-पुण्याच्या बांधकामावर. दिवसभर राबायचं आणि रात्री रस्त्याच्या कडेलाच पथारी टाकायची! १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर असेच मजूर झोपले होते. मद्यधुंद तरुणाची मोटार त्यांच्यावर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात शंभर मिलिलीटरमागे ११२ मिलिग्रॅम मद्यांश आढळला. कायद्याची मर्यादा आहे ३० ची.

अ‍ॅलिस्टर परेरा खटला म्हणून ओळखल्या गेलेल्या या प्रकरणात २००७ मध्ये सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची कैद दिली. लोकांत संताप उसळला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा तीन वर्षांची केली. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मात्र ही शिक्षा फारच अपुरी आहे, पण सरकारने वाढीसाठी अपीलच केलेले नाही, असेही नमूद केले. म्हणजे सात जिवांमागे तीन वर्षे, आणि तीही अपुरी!

शिक्षा सुनावली की आपल्याला वाटतं, प्रकरण संपलं. पण तुरुंगाच्या दाराला रजेची एक खिडकी असते. महाराष्ट्रात नियमांनुसार कैद्याला दोन प्रकारे बाहेर येता येतं. चांगल्या वर्तनाबद्दल मिळते ती संचित रजा; तिचे दिवस शिक्षेतच मोजले जातात. घरातला मृत्यू, गंभीर आजार अशा कारणांसाठी मिळते ती अभिवचन रजा, म्हणजेच पॅरोल. तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत.

कैदी हाही माणूसच आहे. आईच्या अंत्यविधीला त्याला जाऊ देऊ नये, असं कोण म्हणेल? पण शिक्षाच तुटपुंजी असताना दारूच्या नशेत माणसं चिरडणाऱ्याला वर्तन चांगलं म्हणून सवलत द्यायला आमचा विरोध आहे. तुरुंगात दारूही नाही आणि मोटारही नाही. तिथल्या चांगल्या वर्तनावरून स्टिअरिंगवरच्या वर्तनाची खात्री कशी द्यायची?

रजेला हरकत घ्यायची तर ती घेणार कोण? मेलेल्या मजुराची बायको कुठल्या तरी तांड्यावर असते. रजेचा अर्ज झाला, हे तिला कळवायला कोणी जात नाही. लखीमपूर खेरी प्रकरणात १८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या वेळी पीडितांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे, असं बजावलं. जामिनाला जे लागू, ते रजेला का नको? एक नोटीस आणि उत्तर द्यायला पंधरा दिवस, एवढीच तर मागणी आहे.

हा प्रश्न मुंबईपुरता राहिलेला नाही. आज समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. रस्ता वेगवान झाला, तशी जबाबदारीही वाढली.

ज्याचं जळतं, त्यालाच कळतं. शिक्षा भोगणारा आज ना उद्या घरी येणार, यायलाही हवा. पण कार्टर रोडवरचे ते सात जण कुठल्याच रजेवर घरी येणार नाहीत. त्यांच्या माणसांना निदान विचारा तरी!