खेळातले तारायान कसे निवडावे?

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात गेलेला जाणता शेतकरी “चांगला बैल कोणता?” असे कधी विचारीत नाही. आपली जमीन काळी की माळाची, काम नांगरटीचे की गाडीचे, घरी वैरण किती, दावणीला आहे तो बैल कशा चालीचा, हा सगळा हिशेब त्याने घरूनच केलेला असतो. दात आणि शिंगे तो मागाहून पाहतो. आज मला ज्या निवडीविषयी बोलायचे आहे ती आपल्या रोजच्या व्यवहारापासून फार लांबची वाटेल. पण तिचा नियम मात्र हाच आहे.

वाचकहो, निवड करायची आहे ती ताऱ्यांकडे जाणाऱ्या यानाची. अर्थात खेळातल्या.

हा खेळ असा. पाच-सात जण गोल करून बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी यानाचा चालक, कोणी मिस्त्री, कोणी डॉक्टर. सूत्रधार सांगतो, “तुमचे यान एका अनोळखी ग्रहावर उतरले आहे. बाहेर धुळीचे वादळ आहे आणि दारावर कोणीतरी थापा मारते आहे. काय करता?” मग ज्याने त्याने आपल्या पात्राच्या जागी उभे राहून उत्तर द्यायचे. जमेल की नाही अशी शंका असेल तेथे फासे टाकायचे. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही नि हरत नाही. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचायची, एवढेच. भारुडात सोंग घेतात, तसेच हे बसल्या जागचे सोंग म्हणा.

अंतराळप्रवासाचा अशा तऱ्हेचा एक नावाजलेला खेळ म्हणजे ‘ट्रॅव्हलर’. मार्क मिलर यांनी रचलेला हा खेळ १९७७ साली अमेरिकेत काळ्या वेष्टनाच्या तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने निघाला. त्याला दोन साधे फासे पुरतात. योगायोग असा की, त्याच वर्षी ५ सप्टेंबरला ‘व्हॉयेजर १’ हे खरे यान पृथ्वीवरून निघाले. ते सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर वेगाने जात आहे. तरीही सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके अंतर कापायला त्याला पंचाहत्तर हजार वर्षांच्या आसपास लागतील. म्हणून खेळात एक कल्पित सोय केली आहे. तिथले यान ‘उडी’ घेते, आणि एका उडीला एक आठवडा लागतो. ही गोष्ट कल्पनेची आहे, विज्ञानाची नव्हे, हे मुलांना आरंभीच सांगून टाकावे. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचलेली मुले तर ते आपल्याला विचारल्यावाचून राहत नाहीत.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि वेळापूरला राहतो. गेली दोन वर्षे आठवी ते दहावीची सहा मुले-मुली रविवारी दुपारी आमच्या पडवीत हा खेळ खेळतात. आसपासचे शिक्षक येऊन पाहतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “सर, मुलांना यान कोणते द्यायचे?” हा प्रश्न मीही प्रथम हलकाच समजलो होतो. दोनदा चुकलो, तेव्हा त्याचे वजन कळले.

पहिली चूक ही, की मी त्यांना सर्वांत मोठे आणि बळकट यान दिले. आठशे टनांचे, भाडोत्री सैनिक वाहून नेणारे, एका दमात तीन उड्यांचा पल्ला गाठणारे. मुले हरखली. तिसऱ्या रविवारी मात्र एक जण कंटाळून म्हणाला, “सर, आपल्याला कोन हानूच शकत न्हाय, मग इचार कशाचा करायचा?” दोन धीट पोरे हुकूम सोडत होती आणि बाकीची चौघे ऐकत होती. आठवीतली एक मुलगी तर तीन रविवारांत एक शब्द बोलली नव्हती. तिला बोलायला जागाच कुठे होती?

तेव्हापासून यान निवडताना मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : पल्ला किती? माउलींच्या पालखीचे आपल्या भागातले मुक्काम डोळ्यांपुढे आणा. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. रोज एक मजल. म्हणून तर त्या प्रत्येक गावाची वारकऱ्याला ओळख असते; कुठले पाणी गोड, कुठे कोणाच्या घरी जेवण, कुठे सावली. तोच वारकरी मोटारीने नातेपुत्याहून नीट पंढरपुराला गेला, तर ही गावे त्याच्या लेखी रस्त्यावरच्या पाट्या होतात. खेळातही तसेच आहे. तीन उड्यांचे यान मधली दोन जगे ओलांडून जाते. एका उडीच्या यानाला प्रत्येक जगात उतरावेच लागते, इंधन घ्यावे लागते, माणसांशी बोलावे लागते. गोष्ट घडते ती तिथे. एक उडी म्हणजे एक पार्सेक, म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. तेव्हा एका उडीचे यान आपल्या सूर्यापासून निघाले तर तेथवरही पोचणार नाही! मुलांकडून हे गणित अवश्य करून घ्यावे.

दुसरा प्रश्न : कामे किती आणि माणसे किती? दिंडीत वीणा एकाच्या गळ्यात असते, मृदंग दुसऱ्याच्या. टाळकरी वेगळे, पताकावाले वेगळे, डोक्यावर तुळस घेतलेली माउली वेगळी, आणि पुढच्या मुक्कामी ट्रक नेऊन राहुट्या ठोकणारे आणखी वेगळे. कोणाचे काम थांबले तर दिंडीला ते जाणवते. यानावरही असेच असावे. ट्रॅव्हलरमधल्या दोनशे टनांच्या साध्या मालवाहू यानाला चौघे लागतात : चालक, मिस्त्री, डॉक्टर आणि उतारूंची बडदास्त ठेवणारा कारभारी. आम्ही त्यांत हिशेबनीस आणि मालाचा दलाल अशी दोन कामे वाढवली. न बोलणारी ती मुलगी हिशेबनीस झाली. आणि पहिल्याच रविवारी तिने चालकाला थांबवले, “इंधनाला पैसं न्हाईत. आधी माल बघा, मग निघा.” सगळे तिच्याकडे पाहू लागले. यानाच्या उणिवेने तिला बोलते केले. माझ्या उपदेशाने नव्हे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : यान कोणाचे? ट्रॅव्हलरमध्ये शंभर टनांचे एक टेहळणी यान आहे. ते सरकारी जीपसारखे समजा. खात्याचे आहे, वापरायला दिलेले आहे, विकता येत नाही. आणि खात्याने हाक दिली की जावे लागते. त्यात खोल्या चार आणि माल अवघा तीन टन. ते दोन उड्यांपर्यंत जाते. शोधाच्या, नव्या जगांच्या गोष्टी ज्यांना हव्यात त्यांच्यासाठी हे उत्तम.

दोनशे टनांचे मालवाहू यान मात्र हप्त्यावर घेतलेल्या ट्रकसारखे आहे. किंमत ३,७०,८०,००० क्रेडिट. क्रेडिट हे खेळातले नाणे. पाचवा हिस्सा रोख भरायचा आणि मग चाळीस वर्षे दरमहा १,५४,५०० चा हप्ता. सगळे हप्ते मिळून यानाच्या किमतीची दुप्पट होते. आता मिळकत पाहा. मालखाना ८२ टनांचा, भाडे टनाला हजार. एक आठवडा उडीत जातो, एक बंदरावर, म्हणजे महिन्याला दोन खेपा. दोन्ही खेपा शिगोशीग भरल्या तरी १,६४,००० मिळतात. हप्ता जाऊन उरले साडेनऊ हजार. इंधनाचे पंचवीस हजार आणि चौघांचे पगार पंधरा हजार अजून द्यायचेच आहेत! मग उतारू शोधा, महाग माल शोधा, जोखमीचे काम पत्करा. सूत्रधाराला वेगळी गोष्ट रचावी लागत नाही. हप्ताच गोष्ट रचतो. चक्रवाढ व्याजाच्या धड्याला जांभया देणारी मुले हा हिशेब फळ्यावर भांडून मांडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पण माझी दुसरी चूक इथेच झाली. तिसऱ्या महिन्यात मंडळींचा हप्ता चुकला. मी हौसेने बँकेची माणसे बंदरावर आणली आणि यानाला कुलूप ठोकले. वाटले, आता मुले काहीतरी युक्ती लढवतील. मिस्त्री झालेल्या मुलाने हातातले फासे सतरंजीवर ठेवले, चपला घातल्या आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या सोबत्याने सांगितले : त्यांच्या दारातला ट्रॅक्टर त्याच पंधरवड्यात हप्त्यापायी ओढून नेला होता.

मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो आणि माझे चुकले असे म्हटले. तो बराच वेळ गोठ्याकडे पाहत होता. मग म्हणाला, “खेळ बंद नका करू, सर. पर तुम्ही आमाला बोलूच दिलं न्हाई. निदान खेळात तरी बोलू द्यायचं.”

पुढच्या रविवारी आम्ही ते कुलूप काढले आणि गोष्ट दोन पावले मागे नेली. बँकेची माणसे आली, पण आधी बसली. मिस्त्रीच पुढे झाला. त्याने यानाचे यंत्र किती जुने आहे, बंद ठेवले तर बँकेच्याही हाती भंगारच कसे येईल, हे समजावून सांगितले. दोन महिन्यांची मुदत मागितली. बदल्यात एका दूरच्या वस्तीवर औषधे भाड्यावाचून पोचवण्याचे कबूल केले. मी फासे टाकायला सांगितले नाहीत. बोलणे खरे होते. त्याला फाशांची गरज नव्हती. त्याच्या घरचा ट्रॅक्टर काही परत आला नाही. खेळाने तो येणारही नव्हता. पण तो मुलगा परत आला, आणि अजून येतो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, माझे सांगणे असे. यान निवडण्यापूर्वी आपली मुले कोणकोणत्या घरांतून येतात ते आठवा. मनात शंका असेल तर पहिल्या वर्षी सरकारी टेहळणी यान द्या. कर्जाच्या यानाची घाई नको. कर्जाचे यान दिलेत, तर हप्ता ही अडचण असू द्या, शिक्षा होऊ देऊ नका, आणि बोलणी करायला दार नेहमी उघडे ठेवा. पल्ला थोडा असावा, कामे सगळ्यांना पुरावीत, यानात एखादी उणीव अवश्य असावी. आणि यानाचे नाव मात्र मुलांनाच ठेवू द्या.

आमच्या मुलांनी त्या जुन्या मालवाहू यानाचे नाव ‘धावा’ ठेवले आहे. वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर पंढरीच्या ओढीने वारकरी धावत सुटतात, तो धावा. एका उडीपलीकडे न जाणाऱ्या यानाला असले नाव कसे, असे मी विचारले. हिशेबनीस बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “सर, वारकरी तरी एका दमात कुठं पोचत्यात?”