साखरेचा आकडा

आमचे वेळापूर म्हणजे उसाचे गाव आणि माउलींच्या पालखीचा मुक्काम. येथे साखर म्हटली की पूर्वी कारखानाच आठवे. आता घरोघरी दुसरी साखर निघाली आहे. माझी आजी इन्सुलिन घेते. कॉलेजात जाणारी घरात मीच पहिली, म्हणून ग्लुकोमीटरचे काम माझ्याकडे आले.

या यंत्राचे खरे गुपित पट्टीत असते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीच्या टोकाला लावावयाचा. पट्टीवरील एन्झाइम नावाच्या द्रव्याची रक्तातील साखरेशी क्रिया होऊन अतिसूक्ष्म वीज निर्माण होते. यंत्र ती मोजून आकडा दाखविते. पट्टी एकदाच चालते. डबीचे झाकण उघडे राहिले तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात, हे मी एक डबी वाया घालवून शिकले. आजी काही बोलली नाही, तेच जास्त लागले.

मधुमेहासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्यात तीस वर्षांवरील माणसांची तपासणी होते. आशाताई घरी येऊन माहिती भरून नेतात. आजीचा आजार अशाच तपासणीत सापडला. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु रोग शोधणे वेगळे आणि रोगासह रोज जगणे वेगळे. गेल्या आषाढी एकादशीला आजीने उपवास धरला आणि रात्री इन्सुलिन मात्र नेहमीइतकेच घेतले. पहाटे ती घामाने भिजली, हात थरथरू लागले. आकडा आला ५४! सत्तरच्या खाली धोका असतो. साखरपाणी पाजले. डबीत दोनच पट्ट्या होत्या; पंधरा मिनिटांनी दुसरी वापरली, तेव्हा ८८ पाहून जीव भांड्यात पडला. तिसरी लागली असती तर?

आता दंडावर चिकटविण्याचे सेन्सरही निघाले आहेत. ते त्वचेखालील द्रवातील साखर दिवसरात्र मोजतात. इंग्लंडमध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या सर्व रुग्णांना ते सरकारी सेवेतून द्यावेत, अशी शिफारस २०२२ साली झाली. आमची उडी एवढी नाही. आम्हांला इन्सुलिन दवाखान्यातून मिळते, पट्ट्या दुकानातून विकत आणाव्या लागतात. म्हणून आजी एक दिवसाआड मोजू देते. इन्सुलिनच्या बाटलीबरोबर महिन्याला पट्ट्यांची एक डबी मिळावी. सेन्सरचे मग पाहू.