हिमनदीवरचे अंदाजपत्रक

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने हिमनदीवर लेख लिहावा, हे पाहून वाचकांना हसू आले तर नवल नाही. डिचोली तालुक्यातील शिरगाव हे माझे गाव. तेथे लोहखनिजाच्या खाणी आहेत, श्रीलईराईची जत्रा आहे आणि वैशाखात अंगाची लाही करणारे ऊन आहे. बर्फ म्हणाल तर मी तो फक्त मासळीच्या पेटीत पाहिलेला! तरीही गेल्या एप्रिलमध्ये आल्प्स पर्वतातील एका अवघड सफरीचा आराखडा आठवडाभर माझ्या वहीत होता आणि तो समजून घेण्याची जबाबदारी माझ्यावर होती. त्या आठवड्यात जे शिकले ते येथे मांडत आहे.

माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये असतो. चार सोबती आणि एक परवानाधारक वाटाड्या यांच्यासह तो फ्रान्समधील शामोनीपासून स्वित्झर्लंडमधील झेरमाटपर्यंत स्कीवरून जाणार होता. 'ओत रूट', म्हणजे 'उंचावरची वाट', या नावाने हा मार्ग प्रसिद्ध आहे आणि १९११ साली तो प्रथम स्कीवरून पार केला गेला. सफरीचा आराखडा सफरीला न जाणाऱ्या एका माणसाकडे ठेवावा, असा तिकडचा शिरस्ता आहे. आत्याला ते कागद पाहून धडकीच भरली असती, म्हणून दादाने ते माझ्याकडे पाठविले. सोबत एकच ओळ होती : "तू हिशेबाची मुलगी आहेस, तुला कळेल."

प्रथम ही स्कीची सफर असते तरी कशी ते सांगते. चित्रपटात दिसते तसे पाळण्यात बसून वर जायचे आणि घसरत खाली यायचे, असा हा प्रकार नव्हे. येथे वर चढायचे ते स्वतःच्या पायांनीच. चढताना स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवितात. तिचे केस एकाच दिशेला वळलेले असल्याने स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. माथ्यावर पोहोचल्यावर पट्टी काढायची आणि उतरायचे.

वाटेत मुख्य शत्रू तीन. पहिला, हिमभेगा. हिमनदी ही संथ वाहणारी बर्फाची नदी होय. वळणावर किंवा उतारावर तिला खोल भेगा पडतात आणि नव्या हिमाचा पातळ पूल त्या भेगांची तोंडे झाकून टाकतो. स्कीमुळे वजन विभागले जाते, तरी पूल कधी ढासळेल याचा नेम नसतो. म्हणून कमरेला पट्टे बांधून, गरजेप्रमाणे एका दोरात राहून चालतात. दुसरा शत्रू हिमस्खलन. तीस अंशांहून अधिक उतारावर, म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरामागे सुमारे ५८ मीटर किंवा त्याहून अधिक चढ असेल तेथे, हिमाचा थर सुटून येण्याचा धोका विशेष असतो. गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच मोलाची असतात. बाहेरची मदत इतक्या लवकर येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे-घेणारे यंत्र आणि पाठीवर फावडे व शोधकाठी असावीच लागते. तिसरा शत्रू हवामान. धुके उतरले की आकाश आणि हिम एकच होऊन जाते, चढ की उतार तेही समजत नाही.

आता आराखड्याकडे वळू. वेर्नर मुंटर या स्विस वाटाड्याने घालून दिलेली एक पद्धत फार उपयुक्त आहे. प्रश्न तीनच : हिम व हवा कशी आहे? वाट कशी आहे? माणसे कशी आहेत? पण ते तीनदा विचारायचे. एकदा घरी नकाशा पुढे ठेवून, दुसऱ्यांदा त्या ठिकाणी पोहोचल्यावर आणि तिसऱ्यांदा प्रत्येक धोक्याच्या उताराच्या पायथ्याशी. घरी 'होय' मिळाले म्हणून पायथ्याशी 'नाही' म्हणता येत नाही, असे नाही. दाव्होस येथील हिमसंशोधन संस्था हिवाळाभर दररोज हिमस्खलनाच्या धोक्याचे निवेदन काढते. त्याची मोजपट्टी पाच पायऱ्यांची आहे. तिसरी पायरी मधली म्हणून आपल्याला निर्धास्त वाटते, पण बळी तिच्यावरच सर्वाधिक जातात.

वेळेचा हिशेब तर आपल्या शाखेचाच! साधारणपणे तासाला चार किलोमीटर अंतर आणि तासाला ४०० मीटर चढ धरतात व दोन्हींची बेरीज करतात. सहा किलोमीटर अंतर व ९०० मीटर चढ असेल, तर दीड तास अधिक सव्वादोन तास, म्हणजे पावणेचार तास. त्यात विश्रांतीची पाऊण तास आणि राखीव दीड तास मिळविले की झाले सहा तास. पहाटे पाचला निघाल्यास अकराला माथा. वसंतात दुपारच्या उन्हाने हिम मऊ पडते, पूल कमकुवत होतात आणि ओले हिम घसरू लागते. म्हणून दादाच्या कागदावर लिहिले होते : 'अकरा वाजता जेथे असू तेथून परत.' माथा दहा पावलांवर असला तरी!

हा राखीव दीड तास मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. ज्या अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चाची तरतूद नाही ते अंदाजपत्रक नव्हे, नुसती इच्छांची यादी होय, असे आपण वर्गात शिकतो. डोंगरात ही तरतूद तासांत मोजतात. पण एक गोष्ट आपण वर्गात शिकतो आणि व्यवहारात विसरतो. ती म्हणजे बुडीत खर्च. रजा घेतली, पैसे भरले, तीन दिवस चाललो. हे सारे खर्च होऊन गेले. पुढे जायचे की नाही, हे ठरविताना ते जमेला धरायचे नसतात. धरले तर काय होते?

२९ एप्रिल २०१८ रोजी याच मार्गावरील दी निवाऱ्यातून विन्येत निवाऱ्याच्या दिशेने निघालेले चौदा जण पिन्य दारोला शिखराच्या परिसरात वादळात सापडले. वादळाचा अंदाज आधीच वर्तविलेला होता. रात्र त्यांना उघड्यावर काढावी लागली आणि वाटाड्यासह सात जण मृत्यू पावले. निवारा तेथून केवळ काही शे मीटरांवर होता. हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. आईचे माहेर धारवाडकडचे असल्याने मला कन्नड वाचता येते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रताल येथे कर्नाटकातून गेलेल्या बावीस जणांच्या तुकडीतील नऊ जण हिमवादळात दगावले, ती बातमी मी वसतिगृहाच्या वाचनालयात कन्नड दैनिकातच वाचली होती. तेथे स्की नव्हत्या, पण उंची, वारा आणि थंडी तीच. अशा वेळी तेथे नसलेल्यांनी दोष देत बसू नये. आपला आराखडा मात्र पुन्हा एकदा तपासावा.

दादाच्या सफरीचा चौथा दिवस नेमका दी ते विन्येत हाच होता. 'दुपारी चारपर्यंत निरोप देईन. सातपर्यंत न आल्यास प्रथम निवाऱ्याला, मग बचाव पथकाला कळव', अशी सूचना होती. तिकडचे चार म्हणजे आपले साडेसात. मी सुट्टीसाठी शिरगावला आले होते. साडेसात झाले, आठ झाले, नऊ झाले. आत्या ओसरीवर आमसुले निवडत होती आणि मी वही मांडीवर घेऊन घड्याळाकडे पाहत होते. साडेदहाच्या आत कोणालाही फोन करायचा नाही, हेही त्या कागदावरच लिहिलेले होते. त्या लिखित शब्दानेच मला धीर दिला, हे कबूल केले पाहिजे. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी निरोप आला : 'वारा व धुके. दहा वाजता परत फिरलो. पर्यायी वाटेने आरोलाला पोहोचलो. खाली येईतो फोन लागेना.'

ती पर्यायी वाट म्हणजे पा द शेव्र नावाची खिंड. तेथे कड्याला लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. आराखड्यात ती पहिल्या दिवसापासून नोंदलेली होती. परतण्याचा रस्ता आयत्या वेळी शोधायचा नसतो, तो निघण्यापूर्वीच हाताशी असावा लागतो.

दुसऱ्या दिवशी तिकडे आकाश निरभ्र झाले! सारा प्रकार कळल्यावर आत्याने विचारले, "मग पैसे फुकट गेले म्हणायचे?" मी म्हटले, "आत्या, घराला आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता फुकट गेला असे तू म्हणशील का?" ती काही बोलली नाही. पण उठून देवापुढे दिवा लावून आली.

आमच्या गावी होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जाणारे धोंड काही दिवस आधीपासून व्रत पाळतात. आहार, स्नान, राहणे सारे नियमाने. त्या धाडसामागे शिस्त आहे, हे मी लहानपणापासून पाहत आले. तरीही ३ मे २०२५ च्या पहाटे त्याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले. त्या दिवसापासून कोठेही गर्दीत वा डोंगरात जाताना मी प्रथम विचारते की येथून परत कसे यायचे? हिम असो वा निखारे, श्रद्धा आणि हौस माणसाला पुढे नेतात. सुखरूप घरी आणतो तो आधी केलेला हिशेब.

आपल्या महाविद्यालयातून सहली जातात, पुढेमागे कोणी हिमालयातही जाईल. मित्रमैत्रिणींनो, जरूर जा. पुण्याच्या 'गिरिप्रेमी'चे दहा गिर्यारोहक २०१९ मध्ये कांचनगंगेच्या माथ्यावर पोहोचले. मराठी माणसाला उंचीचे वावडे नाही. फक्त जाण्यापूर्वी एक कागद लिहा. कोठून जाणार, किती वाजता परत फिरणार, अडल्यास कोणती वाट धरणार आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास काय करायचे. तो कागद घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाकडे द्या. त्याने तो वाचला आहे की नाही, तेवढे मात्र विचारून घ्या.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)