घरचे स्वप्न, दूरचे युद्ध: जॉन्सन यांच्या कारकिर्दीचा मागोवा

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे केनेडी यांची हत्या झाली आणि त्याच दिवशी विमानात शपथ घेऊन लिंडन जॉन्सन अमेरिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा टेक्ससच्या गरीब मुलखात वाढलेल्या आणि तरुणपणी मेक्सिकन वंशाच्या मुलांना शिकविलेल्या या मुत्सद्द्याच्या चित्तात परराष्ट्रकारणाला अग्रस्थान नव्हते. दारिद्र्यनिवारण, वृद्धांना वैद्यकीय साहाय्य, कृष्णवर्णीयांना निर्वेध मताधिकार हाच त्यांचा ध्यास होता. आणि त्या कारकिर्दीकडे मागे वळून पाहता मन विषण्ण होते ते यासाठी की, व्हिएतनामच्या युद्धाकडे जाणारी वाटही बव्हंशी याच उदात्त ध्यासातून निघाली.

१९४९ साली चीन साम्यवाद्यांच्या हाती गेल्याचा ठपका तत्कालीन अध्यक्ष ट्रूमन यांच्यावर आला आणि त्या गदारोळात त्यांच्या कारभाराची प्रतिष्ठा कशी खालावली, हे त्याच वर्षी सिनेटमध्ये दाखल झालेल्या जॉन्सन यांनी जवळून पाहिले होते. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव साम्यवाद्यांच्या हाती पडली तर आपल्या सुधारणांची विधेयकेही त्याबरोबर गाडली जातील, हे भय त्यांना कधी सोडून गेले नाही. म्हणूनच १९६४ च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर त्यांच्या कणखरपणाविषयी शंका घेत असता, टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौका व उत्तर व्हिएतनामी नौका यांच्यात उद्भवलेल्या चकमकीच्या प्रकरणानंतर ७ ऑगस्ट रोजी त्यांनी काँग्रेसकडून बळाच्या वापराची जवळजवळ मुक्त मुखत्यारी मिळविली. सिनेटमध्ये विरोधी मते पडली ती अवघी दोन. नोव्हेंबरात ४४ राज्ये जिंकून आलेल्या या अध्यक्षाने प्रचारात मात्र शांततेचेच आश्वासन दिले होते.

८ मार्च १९६५ रोजी दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकी मरीन सैनिक उतरले आणि आठवड्याभरातच, १५ मार्चला, जॉन्सन यांनी मताधिकारासाठी काँग्रेसपुढे आपले सर्वांत प्रभावी भाषण केले. २८ जुलैला फौज ७५,००० वरून १,२५,००० करण्याचा हुकूम जाहीर झाला, परंतु संरक्षणमंत्री मॅकनमारा यांची शिफारस असूनही राखीव दले बोलावली गेली नाहीत. कारण ३० जुलैला वृद्धांच्या वैद्यकीय विम्याच्या कायद्यावर आणि ६ ऑगस्टला मताधिकाराच्या कायद्यावर सही व्हावयाची होती, आणि युद्धाचा खरा हिशेब मांडताच या सुधारणांची तरतूद काँग्रेस कापील, ही धास्ती होती.

परराष्ट्रकारणाकडे घरच्या राजकारणातून पाहण्याच्या याच दृष्टीचा एक पैलू आपल्यापर्यंत, भारतातही पोहोचला. परदेशांना धान्य पुरविण्याचा १९५४ सालचा ‘पीएल-४८०’ हा अमेरिकी कायदा अमेरिकी शेतकऱ्यांच्या शिलकी धान्याला वाट मिळावी म्हणूनही जन्मला होता. तो साठा आटू लागला आणि परदेशी मदतीविषयी काँग्रेसमध्ये नाराजी वाढली, तेव्हा १९६५-६६ च्या भीषण अवर्षणात धान्य सोडण्याची बाब जॉन्सन यांनी स्वतःच्या हाती घेतली व ते तुटक हप्त्यांनी भारताला दिले. शेतीसुधारणेची अट त्यामागे होती, तसाच व्हिएतनामविषयक भारतीय टीकेचा रोषही होता. रेशनच्या दुकानांत येणाऱ्या गव्हाला असा वॉशिंग्टनच्या अंतर्गत राजकारणाचा संदर्भ होता.

युद्धाचा दडविलेला खर्च अखेर महागाईच्या रूपाने प्रकट झाला. १९६७ च्या जानेवारीत अधिभार-कराची मागणी करावी लागली. प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी ती अडवून धरली आणि जून १९६८ मध्ये खर्चात सहा अब्ज डॉलरच्या कपातीच्या अटीवरच ती मंजूर झाली. तोवर फौज पाच लाखांवर गेली होती, आणि ३१ मार्च रोजीच जॉन्सन यांनी पुन्हा उमेदवारी न करण्याचे जाहीर केले होते.

परराष्ट्रनीती घरच्या लोकमताला बांधलेली असावी, हा लोकशाहीचा दोष नव्हे. तोच तिचा धर्म आहे. जॉन्सन यांचा प्रमाद घरच्या सुधारणांना अग्रक्रम देण्यात नव्हता, तर त्या अग्रक्रमासाठी दूरच्या रणभूमीवर कोणती किंमत मोजली जात आहे, हे प्रजेपासून लपविण्यात होता. युद्ध आणि सुधारणा यांतून निवड करण्याचा हक्क जुलै १९६५ मध्ये लोकांपुढे ठेवला असता, तर कदाचित एखादे विधेयक लांबले असते. पण तो निर्णय ज्यांचे पुत्र रणांगणावर जाणार होते, त्यांचा स्वतःचा झाला असता.