परवाना मिळाला, म्हणजे जबाबदारी संपली?

ओझरच्या बाजूने सुखोईचा आवाज आला की आमच्या वर्गातली मुले खिडकीकडे धावतात. ओझरचा विमान कारखाना १९६४ सालचा. तिथे आधी मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० तयार झाले. नाशिकमधल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. मागे नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आपल्याकडे बनलेली शस्त्रे परदेशात विकली आणि तिथे त्यांनी लेकरे मेली, तर दोष कोणाचा? चालवणाऱ्याचा की विकणाऱ्याचाही?"

प्रश्न काल्पनिक नाही. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. त्यातले १५,२३३ कोटी खासगी क्षेत्राचे होते. गाझातील युद्ध सुरू असताना इस्रायलला शस्त्रे पाठवणाऱ्या भारतीय कंपन्यांचे परवाने रद्द करावेत, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. ९ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. परराष्ट्र धोरण हा सरकारचा विषय आहे, शिवाय करार मोडल्यास कंपन्यांवर दावे होऊ शकतात, असे न्यायालयाने म्हटले.

मग कंपनी सुटली का? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली. मानवी हक्कांचा आदर राखण्याची जबाबदारी कंपनीची स्वतःची आहे, सरकार आपले कर्तव्य पाळो वा न पाळो, असे ती सांगतात. पण ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे.

आपल्याकडे सेबीच्या नियमाने शेअर बाजारातल्या १,००० मोठ्या कंपन्यांना दरवर्षी जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यातले पाचवे तत्त्व मानवी हक्कांचे आहे. मात्र त्याखालचे सक्तीचे प्रश्न मुख्यतः कामगारांविषयी आहेत: किमान वेतन, बालमजुरी, छळाच्या तक्रारी. हे हवेच. पण विकलेला दारूगोळा कुठे पडला, हे तिथे कोणी विचारत नाही.

विचारायचे तर आपल्यालाही जमते. घरात एसआयपी असेल, तर म्युच्युअल फंडाचा पैसा कोणत्या कंपन्यांत आहे याची यादी दर महिन्याला जाहीर होते, ती पाहावी. स्वतःच्या नावावर शेअर असतील, तर वार्षिक सभेत विचारावे: आपला माल कोणाला विकता आणि तो कशासाठी वापरला जाईल, हे आधी तपासता का?

त्या मुलाला मी सांगितले, "विकणाऱ्याचाही." त्याला मोठेपणी ओझरलाच इंजिनिअर व्हायचे आहे. जरूर व्हावे, पण हा प्रश्न सोबत घेऊन जावा.