गौरव सभागृहाचा, निकष नियमाचा
उरला (रायपूर) : जुलै २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’वरील चर्चेत संसदेच्या दोन्ही सभागृहांनी सेनादलांचा गौरव केला. उरलाच्या औद्योगिक वसाहतीतील मराठी नोकरदाराला मात्र बस्तरची मोहीम अधिक जवळची. तेथे ताडमेटला येथे ६ एप्रिल २०१० रोजी ७६ जवान धारातीर्थी पडले. पैकी ७५ केंद्रीय राखीव पोलीस दलाचे. हे दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतले. १ जानेवारी २००४ पासून भरती झालेल्या त्याच्या जवानांना अंशदायी निवृत्तिवेतन लागू झाले. तिन्ही सेनादले त्यातून वगळली गेली. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा भेद अमान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सभागृहातील मौन हुतात्म्यांसाठी असते. मोहिमेतून जिवंत परतलेल्यांच्या वृद्धापकाळाची तजवीज मात्र कायद्यालाच करावी लागेल.