हवेचं वजन सांगणारी तार

आमच्या एका शिक्षक मित्राची १८०० सीसीची पेट्रोल मोटार वीस वर्षांची आहे. रोज सकाळी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडजवळच्या शाळेत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हा तिचा क्रम. गेल्या पावसाळ्यानंतर ती घाटात दम टाकू लागली. सपाटीवर काही तक्रार नाही. पण उसाच्या ट्रकला ओलांडायला पाय दाबला की नेमकी त्याच क्षणी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी व्हायची. समोरून एस.टी. येत असताना असं झालं तर काय वाटतं, हे घाटातल्या लोकांना सांगायला नको. गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, मग पेट्रोलचा पंप. फरक पडला नाही. तेव्हा "एअर फ्लो सेन्सर गेलाय, नवा टाकावा लागेल" असा निकाल मिळाला. किंमत ऐकून सर आमच्याकडे आले आणि म्हणाले, "गेलाय हे कशावरून, एवढं तरी मला समजावून सांगा."

प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना आठवी ते दहावीचं बरंच विज्ञान हाताशी आलं, म्हणून ते इथे मांडत आहोत.

आधी, इंजिनाला हवा मोजावी का लागते? पेट्रोल म्हणजे निव्वळ ऑक्टेन आहे असं क्षणभर मानू या. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू. समीकरण संतुलित केलं, तर ११४ ग्रॅम ऑक्टेन पूर्ण जळायला ४०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे हवा लागली सुमारे १७४० ग्रॅम. भागाकार करा: एका ग्रॅमला साधारण १५ ग्रॅम हवा. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण असल्याने प्रत्यक्ष आकडा १४.७ धरतात.

इथे सगळा हिशेब वजनाचा आहे, लिटरचा नाही, हे लक्षात घ्या. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. तिथल्या एक लिटर हवेत ऑक्सिजनही तेवढाच कमी. बॉश कंपनीने १९७० च्या दशकात आणलेल्या एल-जेट्रॉनिक पद्धतीत (हा 'एल' जर्मन 'लुफ्ट'चा, म्हणजे हवेचा) येणाऱ्या हवेच्या झोताने एक झडप ढकलली जाई. ती किती उघडली त्यावरून हवेचं आकारमान कळे आणि मग तापमानाची दुरुस्ती करावी लागे. १९८० च्या दशकात तिची जागा तापलेल्या तारेने घेतली. ही तार थेट वजनच सांगते.

ते कसं? एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत केसाएवढी, ०.०७ मिलिमीटर जाडीची प्लॅटिनमची तार ताणलेली असते. वीज सोडून ती आत येणाऱ्या हवेपेक्षा शंभर-दीडशे अंशांनी गरम राखली जाते. हवा वाहू लागली की तार थंड होऊ पाहते. तिला तेवढीच गरम ठेवायला जास्त वीज लागते. ही जास्तीची वीज म्हणजेच हवेचं माप. गरम चहावर आपण फुंकर मारतो त्यातलंच तत्त्व. फुंकर किती जोराची होती, हे चहा किती भराभर निवला यावरून ओळखायचं, एवढंच. पुढच्या काळात तारेऐवजी काचेच्या वा सिरॅमिकच्या पट्टीवरचा पातळ थर आला, पण तत्त्व तेच राहिलं.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ एल. व्ही. किंग यांनी १९१४ साली या थंड होण्याचं गणित मांडलं. तारेतून जाणारी उष्णता दोन भागांची असते: एक स्थिर भाग आणि दुसरा हवेच्या वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलणारा. वर्गमूळ आलं की उलटा हिशेब करताना वर्ग करावा लागतो, आणि खरी मेख इथे आहे. तारेवर धूळ बसून या दुसऱ्या भागात १० टक्क्यांची घट झाली, तर संगणक ०.९ चा वर्ग करतो: ०.८१. दहा टक्क्यांच्या मळाने हवेचा आकडा १९ टक्क्यांनी खाली येतो!

हे वर्गात दाखवता येईल. प्रयोगशाळेतला थर्मामीटर गरम पाण्यात ६० अंशांपर्यंत तापवा, पुसून कोरडा करा आणि पंख्याखाली धरून ५५ पासून ४० अंशांपर्यंत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. पंखा बंद करून पुन्हा मोजा. मग फुग्याभोवती कोरड्या कापसाचा पातळ थर गुंडाळा (थर्मामीटर तापवून, पुसून झाल्यावर, नाहीतर कापूस भिजेल) आणि पंखा सुरू करून तिसऱ्यांदा मोजा. तिसऱ्या वेळी थर्मामीटर 'वारा कमी आहे' असं सांगेल. वारा तर तोच आहे.

आता सरांच्या मोटारीकडे वळू. सेन्सर खोटं बोलतो की नाही हे एकट्या सेन्सरला विचारून कळणार नाही, दुसरा साक्षीदार हवा. तो धुराच्या नळीत बसलेला असतो: ऑक्सिजन सेन्सर. जळल्यानंतर ऑक्सिजन उरला का, एवढंच तो सांगतो. उरला असेल तर संगणक ठरलेल्या हिशेबापेक्षा जास्त पेट्रोल सोडतो आणि हे 'किती टक्के जास्त' लक्षात ठेवतो. याला मेकॅनिक फ्युएल ट्रिम म्हणतात. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये छोटं यंत्र खोचलं की हा आकडा मोबाइलवर दिसतो. जुन्या प्रत्येक गाडीत ही सोय असतेच असं नाही. सरांच्या गाडीत होती.

आम्ही तीन वेळा आकडा घेतला. गाडी उभी असताना मंद चालीवर अधिक ६ टक्के. मिनिटाला २५०० फेऱ्यांवर अधिक १४. घाटात एकसारखं चढताना अधिक २७.

एकच आकडा घेतला असता तर काहीच कळलं नसतं. तो कसा बदलतो यात उत्तर आहे. समजा, सेन्सरच्या पुढची रबरी नळी चिरली आहे आणि न मोजलेली हवा आत शिरते आहे. मंद चालीवर इंजिन सेकंदाला ३ ग्रॅम हवा घेतं, त्यात ०.६ ग्रॅम चोरून आली तर चूक २० टक्क्यांची. पण २५०० फेऱ्यांवर हवा १२ ग्रॅम झाली की तेवढीच चोरी ५ टक्के ठरते. म्हणजे गळतीत आकडा वेगाबरोबर उतरतो. सरांच्या गाडीत तो चढत होता. गळती नव्हती.

आणि मंद चालीवरचे ते ६ टक्के? ते बहुधा इथेनॉलचे. आता देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असल्याने त्याला वजनाच्या नऊपट हवा पुरते (हेही समीकरण मुलांना सोडवायला द्या). १४.७ चा हिशेब पक्का बसलेल्या जुन्या गाडीला हे इंधन सगळीकडे सारखंच थोडं जास्त सोडावं लागतं. हे माहीत नसेल तर निरोगी सेन्सरवरही आळ येईल.

चढत्या आकड्याची मात्र दोन कारणं असू शकतात: मळलेला सेन्सर किंवा अशक्त पेट्रोल पंप. गॅरेजवाल्यांनी पंप बदलला तो काही अगदीच वेडेपणा नव्हता. फक्त आधी मोजायला हवं होतं. आम्ही काय केलं, तर इंजिनाने किती हवा घ्यायला हवी ते कागदावर काढलं. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत १.८ लिटर घेतं, म्हणजे फेरीला ०.९ लिटर. ४५०० फेऱ्यांना ४०५० लिटर. घाटात एक लिटर हवा सुमारे १.१ ग्रॅमची, म्हणून मिनिटाला ४४५५ ग्रॅम, सेकंदाला ७४. पूर्ण उघड्या थ्रॉटललाही सिलिंडर काठोकाठ भरत नाहीत. ८० टक्के धरले तर ५९ ग्रॅम. मग सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, सर गाडी चालवत होते आणि आमच्यातला एक जण शेजारी बसून पडदा वाचत होता (चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहायचं नाही). पूर्ण पाय दाबून ४५०० फेऱ्यांना सेन्सर म्हणाला: ४८.

पंप अशक्त असता तर सेन्सरने ५९ च्या आसपास सांगितलं असतं, फक्त पेट्रोल कमी पडलं असतं. घाटातल्या २७ टक्क्यांतून इथेनॉलचा वाटा काढला तर सुमारे २० उरतात. ४८ ला १.२ ने गुणा: जवळजवळ ५८. दोन्ही आकडे नेमके एकाच क्षणाचे नाहीत, तेव्हा एवढा मेळ पुरेसा आहे. घाटातच गाडी का दमायची तेही उलगडलं. पाय पूर्ण दाबला की अशा गाड्यांचा संगणक ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि बहुतांशी हवेच्या आकड्यावर विसंबतो. आकडा खोटा, म्हणून पेट्रोल अपुरं.

सेन्सरचं सॉकेट काढून गाडी सुधारते का पाहायचं, ही मेकॅनिकांची जुनी युक्ती आहे. तेव्हा संगणक अंदाजाने चालवतो. संशय बळावायला ती ठीक. पुरावा म्हणून आम्ही तिच्यावर भिस्त ठेवणार नाही.

मळला म्हणजे गेला असं नाही. जुन्या बॉश सेन्सरमध्ये इंजिन बंद केल्यावर तार सेकंदभर हजार अंशांपर्यंत तापवून मळ जाळायची सोय असे. पुढच्या बऱ्याच सेन्सरांत ती नाही. आम्ही किल्ली काढून सेन्सर बाहेर घेतला. तारेवर करडा थर दिसत होता, आणि फिल्टरच्या एका कडेचं रबर दबलेलं. धूळ तिथूनच येत असणार. या सेन्सरसाठीच मिळणारा, मागे डाग न ठेवता उडून जाणारा द्रव लांबून फवारला. फडकं, ब्रश किंवा हवेचा पंप लावला नाही, कारण तार तेवढ्यानेही तुटते. पूर्ण वाळल्यावर परत बसवला, फिल्टरही नवा घातला.

दुसऱ्या सकाळी तोच घाट, तेवढ्याच फेऱ्या: ५७ ग्रॅम. चढावरचा ट्रिम ८ टक्के.

तुमची गाडी पाहण्याआधी दोन गोष्टी तपासा. पुष्कळ लहान पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच. तिथे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून हिशेब होतो. आणि डिझेल गाडीत तो असला तरी त्याचं काम वेगळं, धूर आणि परत फिरवलेला वायू आवरण्याचं. तिथे ट्रिमचा हा हिशेब लागू पडत नाही.

सरांनी ५९ आणि ४८ चं गणित नववीच्या वर्गात फळ्यावर घातलं. एका मुलीने विचारलं, "सर, ८० टक्के कशावरून धरले?" त्याचं उत्तर आम्ही अजून तिच्यासाठी लिहितो आहोत.